गुणवत्ता आणि नकार

गुणवत्तेला शेवटी कुणी अडवू शकत नाही, असं आपण मुलांना सांगतो. माढ्याच्या मैदानावर घाम गाळणाऱ्या पोरांनाही तेच सांगतो. यात अर्धं सत्य आहे. उरलेलं अर्धं क्रिकेटपटू पाळवणकर बंधूंच्या इतिहासात सापडतं.

चर्मकार कुटुंबात १८७६ साली जन्मलेले बाळू पाळवणकर पुण्यात युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये खेळपट्टीची देखभाल करत. क्लबमधले कॅप्टन ग्रेग नेटमध्ये त्यांच्या डावखुऱ्या फिरकीवर तासन्‌तास सराव करायचे. फलंदाजी मात्र बाळूंच्या वाट्याला येत नसे. त्यांचं कसब साहेबाच्या उपयोगाचं होतं, खेळाडूचा मान वेगळा होता.

पुढे गोऱ्यांना हरवायचं म्हणून पुण्याच्या हिंदू संघाला हा गोलंदाज हवासा झाला. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सगळे घेत. चहाच्या वेळी मात्र बाळू बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा पीत. साताऱ्याच्या युरोपियन संघाला हरवल्यावर न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांचा सत्कार केला, पुढे टिळकांनीही कौतुक केलं. सोबत खेळता येतं तर सोबत खाता-पिता का येऊ नये, हा प्रश्न आता उघड विचारला जाऊ लागला. मुंबईत हिंदू जिमखान्याच्या संघात बाळू सहकाऱ्यांच्या पंगतीला बसले. १९०६ साली या संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, तेव्हा सुधारकांना त्या विजयात जातिबंधनं सैल करण्याचा धडा दिसला.

इथवर गुणवत्तेने दारं उघडली, कारण प्रत्येक दारापाशी इतरांची गरज उभी होती. १९११ साली भारतीय संघाच्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. गोलंदाज म्हणून त्यांच्यावर भिस्त ठेवणं निराळं आणि त्यांच्या हुकमाखाली खेळणं निराळं. दुसऱ्या गोष्टीत अधिकार द्यावा लागतो, आणि जातिव्यवस्था तिथेच अडून बसते.

हा अडसर गुणवत्तेने हलला नाही, नकाराने हलला. १९२० साली कर्णधारपदासाठी पाळवणकरांना पुन्हा डावलल्यावर विठ्ठल आणि शिवराम या बाळूंच्या धाकट्या भावांनी संघातून माघार घेतली आणि कारण जाहीरपणे सांगितलं. लोकमत खवळलं. मग बाळूंना उपकर्णधार केलं गेलं, आणि कर्णधार एम. डी. पै यांनी काही काळ मैदानाबाहेर जाऊन नेतृत्व त्यांच्याकडे सोपवलं. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले, संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली आणि चाहत्यांनी त्यांना खांद्यावर घेतलं.

जगात इतरत्रही हीच चाल दिसते. १८ जानेवारी १९५८ रोजी विली ओ'री बोस्टन ब्रुइन्स या आइस हॉकी संघाकडून बर्फावर उतरले आणि नॅशनल हॉकी लीगमधले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. १९६१ मध्ये ते तिथून बाहेर पडले, तेव्हा पुढचा कृष्णवर्णीय खेळाडू यायला १९७४ साल उजाडलं. अमेरिकेत बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन १९४७ साली आले. तिथे कृष्णवर्णीय व्यवस्थापकाच्या हाती संघ जायला १९७५ पर्यंत थांबावं लागलं. पहिला माणूस आत आला म्हणजे त्याच्यामागून रांग लागते, असं होत नाही.

म्हणून मुलांना आपण पूर्ण सत्य सांगावं. जीव तोडून खेळा. पण डावललं गेलं तर त्याला नशीब समजू नका, कारण विचारा. आणि आपण, जे संघ निवडतो, पंच नेमतो, स्पर्धेच्या समितीत बसतो, त्यांनी आधी आपली यादी तपासावी: धावा काढणारे हात कुणाचे आणि निर्णय घेणारे कुणाचे? ही दोन्ही उत्तरं जिथे वेगळी येतात, तिथे पाळवणकरांची लढाई अजून संपलेली नाही. ती संपवण्याची जबाबदारी डावललेल्यांइतकीच, किंबहुना जास्त, डावलणाऱ्यांच्या खुर्चीत बसलेल्यांची आहे. एम. डी. पै मैदानाबाहेर गेले, तसं आपल्यालाही कधीतरी बाजूला होता आलं पाहिजे.