न दिसणारी शरशय्या



दर एकादशीस आपल्या मंदिरात विष्णुसहस्रनामाचा पाठ होतो. घरोघरच्या वडीलधाऱ्यांना तो मुखोद्गत आहे आणि मुलेही ऐकून ऐकून म्हणू लागली आहेत. परंतु हे सहस्रनाम कोणत्या स्थितीत उच्चारले गेले, याचा विचार पाठ करताना आपल्या मनात क्वचितच येतो. महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्माचार्यांनी ते युधिष्ठिरास सांगितले. त्या वेळी भीष्माचार्य आसनावर बसलेले नव्हते. ते बाणांवर पाठ टेकून पडलेले होते. युद्धाच्या दहाव्या दिवशी ते रथातून पडले आणि उत्तरायण लागेपर्यंत तसेच पडून राहिले. तीक्ष्ण बाणांवर निजून आपल्या ५८ रात्री गेल्या, असे त्यांनी अखेरीस स्वतःच सांगितले आहे.

आज या कथेकडे वळण्यास एक निमित्त घडले. मंदिरात नित्य येणारी काही मंडळी अलीकडे दिसेनाशी झाली होती. चौकशी केली तेव्हा बहुतेकांचे कारण एकच निघाले. कोणाची कंबर धरलेली, कोणाला कमरेपासून मांडीतून पोटरीपर्यंत कळ जाते, कोणाचा पाय टाचेपर्यंत बधिर होतो. तासभर मांडी घालून बसवत नाही, साष्टांग नमस्कार घातला तर उठवत नाही, आणि देवासमोर खुर्चीवर बसण्याची लाज वाटते. म्हणून येणेच बंद केले. दुखण्याने माणूस घरी राहिला तर त्यात नवल नाही. पण लाजेने राहिला, ही गोष्ट आम्हांस फार लागली.

आपल्या सुरतेत हे दुखणे इतके का आढळते, हे कोणास सांगावयास नको. तापीमाई जशी खानदेशातून वाहत सुरतेस आली, तशीच जळगाव, धुळे, नंदुरबारकडील आपली कित्येक कुटुंबे पोटासाठी येथे आली आणि लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत स्थिरावली. येथे लूमच्या खात्यात बारा बारा तास उभे राहावे लागते. कापड बाजारात ताक्यांचे गठ्ठे पाठीवर वाहावे लागतात. हिऱ्याच्या कारखान्यात घंटीभोवती मान व कंबर वाकवून दिवस काढावा लागतो. बारीक भरतकामाच्या यंत्रावर बसणाऱ्या भगिनींची गोष्ट निराळी नाही. शिवाय घरी आल्यावर पाणी, धुणे, स्वयंपाक आहेतच. काम थांबले की मजुरी थांबते, म्हणून दुखणे लपविले जाते. हे एकट्या सुरतेचेच आहे असेही नाही. सन २०२० मध्ये जगात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कमरेचे दुखणे होते, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. माणसास कामापासून दूर ठेवणाऱ्या व्याधींत ही व्याधी अग्रभागी आहे.

आपल्या पूर्वजांना ती अज्ञात नव्हती. चरकसंहितेत वातव्याधींमध्ये गृध्रसी सांगितली आहे. नितंबापासून आरंभ होऊन कंबर, मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल अशी ती क्रमाने उतरते, हे चरकाचे वर्णन आजही रुग्णाच्या तोंडून जसेच्या तसे ऐकू येते. त्यामुळे माणूस गिधाडासारखा चालू लागतो, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. आपले गुजराती शेजारी हिला रांझण म्हणतात आणि डॉक्टर सायटिका म्हणतात. सुश्रुताने तर पाय वर उचलता न येणे हेच हिचे लक्षण मानले. आजचे डॉक्टरही रुग्णास उताणे निजवून त्याचा सरळ पाय वर उचलूनच परीक्षा करतात. पायात जाणारी ही शीर शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू होय. मणक्यांमधील गादी सरकून तिच्या मुळावर दाब आणते, हे बोस्टनच्या मिक्स्टर व बार या शल्यवैद्यांनी १९३४ साली स्पष्ट दाखवून दिले.

असो. आता मूळ कथेकडे येऊ.

भीष्म पडले तेव्हा दुर्योधनाने बाण काढण्यात निष्णात असे वैद्य आणविले होते. भीष्मांनी त्यांचा सत्कार करून त्यांना परत पाठविले. क्षत्रियाला इष्ट अशी गती आपणांस लाभली आहे, आता वैद्यांचे काम नाही, असे ते म्हणाले. एवढाच भाग ऐकून कित्येक जण असा अर्थ काढतात की, खऱ्या धार्मिकाने औषध घेऊ नये, सोसावे. परंतु कथा तेथे संपत नाही. त्याच वेळी भीष्मांचे मस्तक खाली लोंबत होते आणि त्यांनी उशी मागितली. राजांनी मऊ उशा आणल्या, त्या त्यांनी नाकारल्या. अर्जुनाने तीन बाण मारून मस्तकाला आधार दिला, तेव्हा त्यांना समाधान वाटले. पुढे तहान लागली तेव्हा त्यांनी पाणीही मागितले. म्हणजे इच्छामरणी भीष्मांनाही मस्तकाला आधार हवा होता, आणि तो मागण्यात त्यांना संकोच वाटला नाही.

याहून महत्त्वाचा प्रसंग शांतिपर्वात आहे. युद्ध संपले, युधिष्ठिर शोकाने व्याकूळ झाला आणि श्रीकृष्ण त्याला घेऊन भीष्मांकडे आले. याला धर्म सांगा, असे भगवंतांनी म्हटले. त्यावर भीष्मांनी काय उत्तर दिले? बाणांच्या वेदनेने माझे मन व्यथित झाले आहे, गात्रे गळाली आहेत, बुद्धी स्थिर राहत नाही, वाणी चालत नाही. अशा स्थितीत मी काय बोलू, अशा आशयाचे ते बोलले. कुरुकुलातील सर्वांत वृद्ध, सर्वांत धैर्यवान, आजन्म ब्रह्मचारी असा तो पुरुष सर्वांदेखत सांगतो की, मला दुखते आहे आणि दुखत असताना मला सुचत नाही.

आणि भगवंतांनी काय केले? ज्यांनी अर्जुनाला रणांगणावर शीतोष्ण व सुखदुःखे सोसण्यास सांगितले, तेच हे भगवंत. त्यांनी भीष्मांना सोसा असे म्हटले नाही. त्यांनी वर दिला की, ग्लानी, मूर्च्छा, दाह, वेदना, भूक व तहान यांपैकी काहीही आपणांस बाधणार नाही. दुसऱ्या दिवशी भीष्मांनी सांगितले की, दाह व श्रम गेले आहेत. आणि मग राजधर्म, आपद्धर्म, मोक्षधर्म, दानधर्म आणि अखेरीस सहस्रनाम, असा तो अथांग उपदेश सुरू झाला. प्रथम वेदनाशमन, नंतर धर्मोपदेश, असा क्रम स्वतः भगवंतांनी घालून दिला. आपण घरोघरी नेमका उलट क्रम चालवितो. कण्हणाऱ्या माणसाला आधी उपदेश करतो आणि शेकण्याची पिशवी मागाहून आणतो, कधी आणतही नाही.

भीष्मांच्या आणि आपल्या घरच्या दुखणाईताच्या स्थितीत आणखी एक भेद आहे, आणि तोच आम्हांस सर्वांत विचारणीय वाटतो. भीष्मांचे बाण सर्वांना दिसत होते. त्यांना दुखते की नाही, अशी शंका कोणी घेतली नाही. पाठीच्या दुखण्यात रक्त वाहत नाही, ताप चढत नाही, प्लास्टर नसते. माणूस सकाळी वाकडा होऊन उठतो आणि दुपारी बरा चालताना दिसतो. मग घरात कुजबुज सुरू होते. सूनबाईंना कामाच्या वेळीच बरे दुखते. थोरल्याला मजुरीवर जाण्याचा कंटाळा आला. आजींचे हे रोजचेच. पुष्कळांची कळ खरोखरच अशी कमीजास्त होते, हे व्याधीचे लक्षण आहे, कपटाचे नव्हे. कित्येकदा चित्रपरीक्षेत फारसे काही दिसत नाही आणि तरीही वेदना खरी असते. दुखणे एक पट आणि अविश्वास दोन पट, असा हा भार होतो. दुखणाईताच्या शब्दावर विश्वास ठेवणे याला पैसा पडत नाही, तरी आपल्या घरांत तो फार महाग झाला आहे.

येथे कोणी जाणकार शंका घेतील की, विवेकचूडामणीत तितिक्षेचे लक्षण सांगताना प्रतिकार न करता दुःख सहन करणे असे म्हटले आहे, त्याचे काय? शंका योग्य आहे. परंतु तो ग्रंथ सर्वसंगपरित्यागास निघालेल्या मुमुक्षूसाठी आहे, आणि त्याच लक्षणात चिंता व विलाप यांवाचून सहन करणे हेही सांगितले आहे. गृहस्थाने हा दुसरा भाग घ्यावा. उपाय करावा आणि उपाय चालू असता चित्त जळू देऊ नये. चरकाचार्यांनी मनुष्याच्या तीन एषणा सांगितल्या, त्यांत प्राणैषणा पहिली ठेविली. धन आणि परलोक हे तिच्या मागाहून येतात. आणि गीतेच्या सतराव्या अध्यायात, देहाला व्यर्थ क्लेश देणारे लोक अंतर्यामी असलेल्या भगवंतालाच क्लेश देतात, असे सांगून त्यांची गणना आसुरी निश्चयाच्या लोकांत केली आहे, ही गोष्ट सोसण्याची प्रौढी मिरविणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. तितिक्षा हे व्रत ज्याचे त्याने घ्यावयाचे असते. सासूने सुनेकडून किंवा मालकाने कामगाराकडून करवून घ्यावयाचे ते व्रत नव्हे.

दुसरी एक वाईट सवय म्हणजे पूर्वकर्माचा उल्लेख. आजाऱ्याच्या उशाशी बसून, मागच्या जन्मी काही केले असेल, असे म्हणण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? मथुरेच्या राजमार्गावर भगवंतांना त्रिवक्रा भेटली, ती तीन ठिकाणी वाकलेली होती. भागवताच्या दशम स्कंधातील ती कथा आपण अनेकदा ऐकली आहे. भगवंतांनी तिला पूर्वजन्म विचारला नाही. ती कंसासाठी अंगाला लावण्याची उटी घेऊन चालली होती, ती उटी त्यांनी मागितली. म्हणजे तिच्या व्यंगाकडे न पाहता आधी तिच्या हातच्या कामाचा मान केला. मग तिची पावले आपल्या पायाने दाबून, हनुवटीला दोन बोटे लावून तिला सरळ केले. (हे भगवंतांनी केले म्हणून गल्लीतील कोणाकडूनही मान व कंबर मोडून घेऊ नये. अशा झटक्यांनी सरकलेली गादी अधिक सरकल्याची उदाहरणे डॉक्टर सांगतात.)

उपायांविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे, कारण श्रद्धेच्या पानावर ते लिहू नये असे आम्हांस वाटत नाही. सायटिकेचे बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेवाचून काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतात. महिना महिना अंथरुणास खिळून राहण्याचा जुना सल्ला आता डॉक्टर देत नाहीत. सोसेल तितके चालणे, दर अर्ध्या-पाऊण तासाने बैठक मोडणे आणि फिजिओथेरपीचे व्यायाम नियमाने करणे हितकारक ठरते. शेक आणि हलक्या हाताने लावलेले तेल यांनी आराम वाटत असेल तर अवश्य घ्यावा. परंतु मेडिकलच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या मनानेच आणून महिनोन्‌महिने गिळू नयेत; त्यांनी जठर व मूत्रपिंडे बिघडतात. नाव-गाव नसलेल्या पुड्यांपासून तर दूरच राहावे. पायातील जोर कमी होत चालला, बैठकीची जागा बधिर झाली, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, इस्पितळ गाठावे. तेथे उशीर झाला तर कायमचे अपंगत्व येऊ शकते. ज्यांना खाजगी खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी मजुरा गेटचे नवे सिव्हिल आणि महापालिकेचे स्मीमेर ही दोन मोठी इस्पितळे आपल्या शहरात आहेत. सोबतीस कोणी नाही म्हणून जाणे टळत असेल तर मंदिरात निरोप द्यावा.

उपाय करूनही काही जणांचे दुखणे पुरते जात नाही, हेही खरे. त्यांना खोटी आशा देण्याची आमची इच्छा नाही. गोस्वामी तुलसीदासांना बाहुपीडा झाली तेव्हा त्यांनी हनुमानबाहुक रचले. त्यात त्यांनी आपली वेदना झाकून ठेविली नाही, ती देवासमोर उघडी केली, गाऱ्हाणे केले. भक्ताला रागावून विचारण्याचाही अधिकार असतो. ज्यांना रात्री कुशीवर वळवत नाही त्यांनी नाम घ्यावे ते वेदना जाईल या अटीवर नव्हे, तर त्या लांब रात्री जवळ कोणी असावे म्हणून. आपला पांडुरंग तर कमरेवर हात ठेवूनच उभा आहे. भवसागर माझ्या माणसांना एवढाच, कमरेइतकाच खोल आहे, असे तो दाखवितो, हा त्याचा अर्थ आचार्यांच्या स्तोत्रात आहे. कंबर धरून उभ्या राहणाऱ्या आपल्या लूम कामगारांनी त्या मूर्तीकडे पाहावे. ती त्यांना परकी वाटणार नाही.

राहिला प्रश्न मंदिरात बसण्याचा. सभामंडपाच्या दोन्ही भिंतींलगत पाठ टेकण्याचे बाक ठेवले आहेत. त्यांवर कोणीही बसावे. वय विचारले जाणार नाही आणि कारणही विचारले जाणार नाही. साष्टांग न घालता उभ्याने हात जोडलेला नमस्कार पूर्ण नमस्कार आहे, आणि मानसपूजेत तर गुडघे वाकवावेच लागत नाहीत. पाठ चालू असता मध्येच उठून चार पावले फिरून आले तरी कोणी मागे वळून पाहू नये, अशी मुलांनाही समज द्यावी. पंगतीत ज्यांना खाली बसवत नाही त्यांचे पान बाकापाशी आणून दिले जाईल. तरुण मंडळींनी पार्सलच्या कामावरून आल्यावर सतरंज्या व समया उचलण्याची घाई करू नये. ते काम दोघांनी मिळून करावे.

येत्या एकादशीस पाठ नेहमीच्या वेळी होईल. ज्यांना घराबाहेर पडवत नाही त्यांच्या घरच्यांनी आदल्या दिवसापर्यंत कळवावे. पाठ संपल्यावर आम्ही चार-पाच जण तीर्थप्रसाद घेऊन त्यांच्याकडे येऊ, आणि त्यांची इच्छा असेल तर त्यांच्या खाटेशी बसून सहस्रनाम पुन्हा म्हणू.