एकासारखे एक

वनस्पतिशास्त्राची एक गंमत आहे. आपण जिला बेरी म्हणतो ती स्ट्रॉबेरी शास्त्राच्या व्याख्येत बसत नाही. मात्र सत्यनारायणाच्या शिऱ्यात पडणारे केळे ही अस्सल बेरी! या केळ्याच्या निमित्ताने एक प्रश्न आपणा सर्वांपुढे ठेवतो: ‘सुधारणा’ म्हणजे नेमके काय?

जळगाव भागात पूर्वी केळीची लागवड कंदांपासून होई. कंदांबरोबर रोगही शेतात येत. १९९० च्या दशकापासून तेथे टिश्यू कल्चरची, म्हणजे ऊतिसंवर्धनाची रोपे आली. निवडक झाडाच्या कोंबाचा लहानसा तुकडा निर्जंतुक बाटलीत साखर, क्षार आणि संप्रेरकांवर वाढवायचा, फुटलेले कोंब पुन्हा वेगळे करायचे. अशी हजारो रोपे होतात, सगळी एकासारखी एक. मग शेडनेटमध्ये त्यांना हळूहळू ऊनवाऱ्याची सवय लावतात. ‘ग्रँड नैन’ जातीच्या या रोपांमुळे पीक लवकर आणि एकाच वेळी हाती येऊ लागले. हे निसर्गाविरुद्ध आहे म्हणून नाके मुरडणे मला पटत नाही. हापूसचे कलम तरी काय, एकाच झाडाची नक्कलच ना!

प्रश्न पुढेच आहे. पूर्वी निर्यातीच्या बाजारात ‘ग्रो मिशेल’ या एकाच जातीचे राज्य होते. १९६० च्या सुमारास पनामा रोगाने ते संपवले. तिची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. लुडविग्सहाफेनच्या दुकानातले केळे आणि जळगावचे ग्रँड नैन, दोन्ही याच गटातली. आता त्याच रोगाचा ‘टीआर-४’ हा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. २०१९ मध्ये तो कोलंबियात आढळला. भारतातही पोहोचला आहे. सगळी झाडे सारखी, म्हणून सगळ्यांचे दुखणेही सारखे.

उपाय कोठे सापडला पाहा. ऊतिसंवर्धनात काही रोपे मूळ झाडाहून थोडी वेगळी निघतात. एरवी ती सदोष म्हणून काढून टाकतात. तैवानच्या केळी संशोधन संस्थेने अशी रोपे रोगट जमिनीत लावून पाहिली. काही तगली, आणि त्यांतून ‘फॉर्मोसाना’सारखी रोग बऱ्यापैकी सोसणारी जात मिळाली. ज्याला दोष म्हटले तेच कामी आले!

डॉक्टर म्हणून मला हा धडा केळीपुरता वाटत नाही. याच जर्मनीत १९३३ साली वंशसुधारणेच्या नावाखाली सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला. सुमारे चार लाख माणसे त्याला बळी पडली आणि निर्णय देणाऱ्यांत डॉक्टर होते. केळीचे रोप आणि माणूस यांना एका मापाने मोजू नये, हे खरेच. पण आज जे सोयीचे तेच कायमचे उत्तम, हा अहंकार दोन्हीकडे सारखाच. उद्याचा रोग कोणता, हे आज कोणाला ठाऊक आहे?

म्हणून प्रयोगशाळेने रोपे जरूर वाढवावीत. पण बसराई, राजेळी, सफेद वेलचीही कोणीतरी राखावी. तो खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारू नये, कारण लाभ सर्वांचा आहे. आणि आपल्या मुलांपैकी एखादे ठरलेल्या साच्यातून बाहेर पडले, तर त्याला घाईने ‘सदोष’ ठरवू नये.

आपल्या गणपतीला एकवीस पत्री लागतात. त्यांत तुळस आहे, शमी आहे, काटेरी बोर आहे, रानोमाळ उगवणारा आघाडा आहे, विषारी धोत्रासुद्धा आहे. एकाच उत्तम झाडाची एकवीस पाने चालतील, असे आपल्या पूर्वजांनी म्हटले नाही.