मुसाफिराचा हक्क

वाट पाहणे म्हणजे काही न करणे, असे आपण समजतो. गड चढणे हे काम आणि साथीदारांसाठी गावात थांबणे हा वाया गेलेला वेळ! पण माणसाची आणि शहराची खरी ओळख चढाईत होत नाही, थांबण्यात होते, असे आम्हाला वाटते.

आम्ही सांगलीकडचे काही उर्दू शिक्षक दिवाळीच्या सुट्टीत वासोट्याला जातो. बामणोलीला वनखात्याची परवानगी काढायची, शिवसागर जलाशय लाँचने ओलांडायचा, गड चढून दिवस मावळायच्या आत परतायचे. म्हणून आदली रात्र साताऱ्यात काढावी लागते. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचे हे शहर आता चटकन ओळखू येत नाही. पोवई नाक्यावर वाहने जमिनीखालून जातात. कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारशात गेले, तेव्हापासून फुलांच्या दिवसांत पर्यटकांची रीघ लागते. शहराने बदलू नये, असे म्हणण्याचा आम्हाला अधिकार नाही. रस्ते सुधारले, चांगलेच झाले. माणसांची मने बदलली का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

२००९ च्या गणेशोत्सवात मिरजेत एका कमानीवरच्या चित्रावरून दंगल पेटली आणि सांगलीपर्यंत पोहोचली. सप्टेंबर २०२३ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुराचे निमित्त होऊन जमाव मशिदीवर चालून गेला. एका तरुणाचा जीव गेला. आता रात्री स्टँडबाहेर उभे असताना आमच्यातला दाढीवाला सोबती कोणी न विचारताच सांगू लागतो, "आम्ही मास्तर आहोत, ट्रेकला आलोय." ज्याला नुसते उभे राहण्याचेही कारण द्यावेसे वाटते, त्याचे ते शहर कितपत?

वडीलधारे म्हणतात, सब्र करा. पण सब्र म्हणजे मान खाली घालणे नव्हे. आपल्या जागी ठाम राहणे. कुरआनने जकातीच्या आठ वाट्यांपैकी एक मुसाफिराचा ठेवला. घरी तो श्रीमंत का असेना, वाटेत अडला एवढे पुरे. म्हणजे मुसाफिराला मिळते तो उपकार नव्हे, त्याचा हक्क. आपल्याकडच्या धर्मशाळा आणि पाणपोया यांच्या मुळाशीही हीच समज आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराने सांगलीत कित्येकांना माडीवर, गच्चीवर अडकवले. होडीची वाट पाहणाऱ्याने होडीवाल्याची जात विचारली नाही. पाणी ओसरले आणि नावे-आडनावे पुन्हा वर आली. पुरात सुचते ती माणुसकी कोरड्या जमिनीवर का सुचू नये?

हा प्रश्न दुसऱ्यांनाच विचारून भागणार नाही. आमच्या मोहल्ल्यात रात्री कोणी अनोळखी थांबला, तर आधी त्याचे नाव विचारले जाते की पाणी? वर्गात 'मुसाफिर' हा शब्द आला की मुलांना 'प्रवास करणारा' एवढा अर्थ पुरतो. ज्याला थांबण्याचा हक्क आहे तो मुसाफिर, हा अर्थही त्यांना शिकवावा लागेल. आणि तो मराठी शाळांतल्या मुलांपर्यंतही पोहोचवावा लागेल.