वापराची मुभा, वाचनाची मनाई

संगणकाबरोबर आपण ऑपरेटिंग सिस्टीमही विकत घेतली, असे आपण समजतो; वस्तुतः आपल्याला मिळतो तो केवळ परवाना. प्रोग्रामर ज्या भाषेत आज्ञावली लिहितो, ती जाणकाराला वाचता येते. तिला सोर्स म्हणतात. तिचे यंत्राला कळेल अशा शून्य-एकच्या मांडणीत रूपांतर केले की ती बायनरी होते. व्यापारी परवाने बहुधा बायनरीचेच असतात. चालवा, पण आत काय लिहिले आहे ते विचारू नका! मोल घेऊन दिलेल्या वस्तूचा अर्थ घेणाऱ्यापासून राखून ठेवणे कितपत न्याय्य आहे?

युनिक्सचा इतिहास येथे उद्बोधक आहे. ती अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत जन्मली. १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीने या कंपनीला दूरध्वनीखेरीज अन्य धंद्यात उतरण्यास मज्जाव होता, म्हणून विद्यापीठांना युनिक्स सोर्ससह अल्प शुल्कात मिळाली. (हे औदार्य नव्हे, निरुपाय होता.) सिडनीतील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन लायन्स यांनी १९७७ च्या सुमारास सहाव्या आवृत्तीच्या गाभ्यावर ओळीओळीने भाष्य लिहिले. पुढे १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने सोर्स वर्गात शिकवण्यासच मनाई केली. लायन्स यांचे भाष्य मग छायाप्रतींच्या छायाप्रती होऊन हातोहात फिरले; उघडपणे छापले गेले ते १९९६ मध्ये.

परवाना मोडून प्रती काढणाऱ्यांचे समर्थन मी करणार नाही. शासनसेवेत हयात घालवलेल्या माणसाला ते जमायचेही नाही. मला अधिक भावतो तो ॲमस्टरडॅमच्या प्रा. अँड्र्यू टॅनेनबॉम यांचा मार्ग. त्यांनी मिनिक्स ही स्वतंत्र प्रणाली रचून १९८७ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात तिचा सोर्स छापला. तेच पुस्तक अभ्यासून हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स आरंभले. १९९२ मध्ये त्यांनी ते ज्या जीपीएल परवान्याखाली आणले, त्याची अट अशी, की जो बायनरी देईल त्याने घेणाऱ्याला सोर्सही द्यावा.

आक्षेप घेतला जातो, की हलवाई पेढे विकतो, कृती सांगत नाही. खरे आहे, पण पेढा खाल्ला की संपतो. ऑपरेटिंग सिस्टीमवर एखाद्या कचेरीचे सारे दफ्तर वर्षानुवर्षे विसंबून असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. सामान्य माणसाला सोर्स वाचता येतो कोठे? मलाही येत नाही. परंतु इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याकडील आपल्या घरांतील मोडी कागद तरी आपल्यापैकी कितीजण वाचतात? तरीही सनद आपल्या पेटीत असते, तोवर ती आपल्या पसंतीच्या जाणकाराकडून वाचवून घेता येते. एकाने चुकीचे वाचले तर दुसऱ्याला दाखवता येते. सनद मूळ धन्यानेच ठेवून घेतली आणि आपल्याला नुसता त्याचा शब्द दिला, तर वतन आपले असूनही त्याच्या अटी आपल्याला ठाऊक नाहीत, अशी अवस्था होते.

मधला मार्गही निघाला. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजचा सोर्स शासनांना अटींवर पाहू देण्याची योजना जाहीर केली. काहीच न दाखवण्यापेक्षा हे बरे. मात्र दाखवलेला सोर्स आणि कचेरीत चालणारी बायनरी एकच आहे, याची खात्री त्या सोर्सवरून स्वतः बायनरी घडवून ताडून पाहिल्याखेरीज होत नाही. नुसते पाहण्याच्या परवानगीत ती मुभा येत नाही.