डब्यातला दुसरा लाडू

माणूस मुळात कसा आहे हे त्याच्या पत्रिकेवरून कळत नाही आणि पासबुकावरून तर मुळीच कळत नाही. शाळेच्या मधल्या सुट्टीत तो डब्यातला गोड पदार्थ केव्हा खात असे, यावरून ते कळतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. गोड आधी खाणारे पुढे आयुष्यभर हप्त्यांवर वस्तू घेतात. गोड शेवटी राखून ठेवणारे मुदत ठेवी करतात. डब्याचं झाकण उभं धरून त्याच्या आडोशाला खाणारे पुढे काय होतात ते मी सांगत नाही. माझ्या ओळखीतले दोघंतिघं चांगल्या हुद्द्यावर आहेत.

हे शास्त्र मला उतारवयात सुचलं, कारण उतारवयात माझ्याकडे डब्याचं खातं आलं. निवृत्तीनंतर आम्ही विंझरला राहायला आलो. पुण्याहून साताऱ्याकडे निघालात, नसरापूर फाट्याला उजवीकडे वळलात आणि मार्गासनी मागे टाकलीत, की विंझर लागतं. तालुका वेल्हे. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळानं त्याचं नाव राजगड करायचं ठरवलं, पण आमच्या तोंडून अजून वेल्हेच निघतं. एका अंगाला राजगड, पुढे तोरणा, पायथ्याला भातखाचरं. पावसाळ्यात छत्री हा इथं अवयवच होतो. मुलगा आणि सूनबाई सकाळी आपापल्या नोकऱ्यांवर जातात. आमच्या हिचे गुडघे संपावर आहेत. तेव्हा नातवाचा डबा भरणं हे काम, "तुम्हाला तरी दुसरं काय आहे?" या एका वाक्यानं माझ्याकडे वर्ग झालं.

नातू गावातल्याच शाळेत, तिसरीत. शाळेत दुपारी शिजवलेली खिचडी मिळते. त्यामुळे डबा फक्त छोट्या सुट्टीपुरता. म्हणजे डबा कसला, डबीच. तिच्यात एकच जिन्नस मावतो आणि तो गोड असावा असा नातवाचा आग्रह. आता गोड म्हटलं की लोकांना वाटतं, पाक, तार, वेलदोडे आणि घामाघूम झालेली गृहिणी. तसं काही नाही. ज्याला चहा करता येतो त्याला डब्यातलं गोड करता येतं, हे मी स्वानुभवानं सांगतो.

सर्वांत गरीब आणि गुणी म्हणजे पोळीचा लाडू. काल रात्रीच्या दोन पोळ्या हातानं बारीक कुस्कराव्यात, दोन चमचे किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून मळावं, वळावं. विस्तव लागत नाही. पोळी कालची असली तरी लाडू आजचा असतो. दुसरा दाण्याचा. वाटीभर दाणे भाजून कूट करावं, अर्ध्या-पाऊण वाटी गुळाबरोबर कुटावं. दाण्याचं तेलच सुटतं, तुपाची मिजास लागत नाही. तिसरी गूळपापडी. वाटीभर कणीक अर्ध्या वाटी तुपात खमंग भाजायची, विस्तवावरून उतरवायची आणि मग पाऊण वाटी चिरलेला गूळ घालायचा. हे 'मग' महत्त्वाचं. गूळ विस्तवावर असताना घातलात तर वडी अशी होते, की ती खाण्यासाठी दुधाचे दात पडून पक्के येईपर्यंत थांबावं लागतं. चौथा नाचणीचा लाडू. नाचणी हे आमच्या डोंगराचं धान्य. रंगानं सावळा, म्हणून शहरातली मुलं त्याला चॉकलेटचा समजून खातात. कुणी खुलासा करू नये.

डब्यात काय देऊ नये, हेही सांगून टाकतो. शिकरण देऊ नये. तूप-गूळ लावलेल्या पोळीची सुरळी द्यावी, पण तूप बेतानं. आमच्या नातवाची गणिताची वही एकदा तुपानं अशी पारदर्शक झाली, की या पानावरच्या गणिताचं उत्तर मागच्या पानावरून दिसायला लागलं.

इथवर सगळं गोड होतं. तत्त्वज्ञान पुढे सुरू होतं.

एके दिवशी नातू म्हणाला, "आबा, उद्यापासून दोन लाडू द्या."

"भूक वाढली का रे?"

"नाही. एक माझा, एक दोस्ताचा. त्याला डबाच नसतो."

दोस्त वरच्या धनगरवाड्यातून चालत येतो. त्याची आई उजाडायच्या आत कामाला लागते. छोट्या सुट्टीत इतरांच्या डब्या उघडल्या की हा पाणी प्यायला जातो आणि घंटा होईपर्यंत पाणी पितो. एवढी तहान कुणाला लागत नाही, हे आठ वर्षांच्या पोराच्या लक्षात आलं.

आता बघा, दुपारच्या खिचडीत हा प्रश्न येतच नाही. खिचडी सगळ्यांची एक. एकाच पातेल्यातून, एकाच डावानं. शाळेत आहार देण्याची ही योजना देशभर १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. पण बऱ्याच राज्यांत मुलांच्या हाती नुसतं कोरडं धान्यच पडत होतं. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, की धान्य नको, शिजवलेलं जेवण द्या. मला हा निकाल फार आवडतो. तांदूळ घरी गेले की ते घराचे होतात. शिजवलेला घास मात्र त्या मुलाचाच.

या योजनेचं एक कोष्टक आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. एकूण ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. मीठ-मसाला गरजेप्रमाणे. मी ते वरून खाली वाचलं, मग खालून वर वाचलं. त्यात साखर कुठंच नाही. मीठ गरजेप्रमाणे, पण गोडाची गरज कोष्टकात मावलेली नाही. आमच्या राज्यात मध्यंतरी तांदळाची खीर आणि नाचणीचं सत्त्व यांची नावं यादीत आली, तेव्हा मला बरं वाटलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं सांगितलं, की हे पदार्थ ऐच्छिक, आणि त्यांना लागणारी साखर शाळांनी लोकसहभागातून मिळवावी. म्हणजे भुकेची जबाबदारी सरकारची, गोडीची गावाची.

मी यावर रागवायला बसलो होतो, पण विचार केल्यावर राग नीट जमेना. पोषण हा हक्क आहे हे तर झालंच. पण गोड हा हक्क की लाड? डॉक्टर म्हणतील, साखर कमीच बरी. तेही खरं. पण डबीतला तो लाडू शरीरासाठी नसतोच. तो एक निरोप असतो. 'सकाळच्या गडबडीत घरातल्या कुणाला तरी तुझी आठवण होती' एवढाच. ४५० कॅलरी कोणतंही सरकार देऊ शकतं. हा निरोप कोष्टकातून कसा द्यायचा?

आणि तो निरोप ज्याला येत नाही, त्याच्यासमोर आपला निरोप उघडून खावा का, हा आमच्या घरापुढचा प्रश्न.

मतं पुष्कळ आली. शेजारच्या आक्का म्हणाल्या, "द्या की दोन. दाण्याला काय तोटा हाय?" मुलगा म्हणाला, "गोड द्यायचंच नाही, प्रश्न मिटला." हा आधुनिक उपाय. पुण्यातल्या एका शाळेनं असं पत्रकच काढलं होतं म्हणे. सगळ्यांचं सारखं गेलं की समता आली! सूनबाई म्हणाल्या, "पन्नास लाडू करून सगळ्या वर्गाला वाटा." हे बोलायला सोपं होतं, कारण वळणार मी होतो. बेंथम नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं जास्तीत जास्त लोकांच्या जास्तीत जास्त सुखाचा हिशेब मांडला, पण त्याला स्वतःला लाडू वळावे लागले असते तर त्यानं आकडा थोडा खाली आणला असता.

दोन लाडू जायला लागले. आठवडाभर सगळं ठीक चाललं. मग दुसरा लाडू परत यायला लागला.

"का रे?"

"तो नको म्हणतो. पाणी प्यायला जातो."

"लाडू आवडत नसेल."

"आवडतो. पहिल्या दिवशी त्यानं बोटं पण चाटली होती."

मी दाण्याचा बदलून नाचणीचा दिला. तोही परत आला. गूळपापडी गेली, तीही परत आली. मला वाटलं, पोरगं कंटाळलं असेल. आमची ही देवघरापाशी वाती वळत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "ते लाडवाला नाही कंटाळलेलं. घ्यायला कंटाळलंय."

साठ-सत्तर वर्षं मी वाटून खावं हे वचन ऐकत आलोय. जो एकट्यासाठी रांधतो तो पाप खातो, असं गीतेतही सांगितलंय. सगळं खरं. पण ही सारी वचनं देणाऱ्याला उद्देशून आहेत. घेणाऱ्यानं रोज उठून काय करावं, याबद्दल ग्रंथ गप्प आहेत. देणाऱ्याला पुण्य मिळतं, लाडू दिल्याचा आनंद मिळतो, बाईंची शाबासकी मिळते. घेणाऱ्याला काय मिळतं? लाडू. आणि लाडवाबरोबर ओझं. पहिल्या दिवशी ते जाणवत नाही. आठव्या दिवशी लाडू तेवढाच राहतो, ओझं मात्र आठ दिवसांचं झालेलं असतं.

आपल्या जुन्या कथांना हे ठाऊक होतं. सुदाम्याची गोष्ट घ्या. आपल्याला त्याचा मिळालेला वाडा आठवतो. पण वाडा नंतर. आधी कृष्णानं त्याच्या फडक्यातले पोहे ओढून घेतले. मित्राकडून आधी मूठभर घेतल्याशिवाय त्याला काही द्यायचं नाही, एवढी रीत द्वारकेच्या राजाला होती. गोपाळकाल्याचंही तेच. सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या, की दही कुणाचं आणि शिळी भाकरी कुणाची हे देवालासुद्धा सांगता येत नाही. काल्यात सगळ्यांना मिळतं ही त्याची अर्धीच थोरवी. सगळ्यांचं घेतलं जातं, ही उरलेली अर्धी.

हे सगळं मी नातवाला कसं सांगणार होतो कोण जाणे. सांगावं लागलंच नाही. एप्रिल अखेर, सकाळची शाळा. डबी परत आली ती जड. झाकण उघडलं तर पळसाच्या पानात बांधलेली करवंदं. काळी, टपोरी, मधूनमधून चिकाची.

"त्यानं दिली," नातू म्हणाला. "येताना वाटेत काढली. म्हणाला, आबांना पण दे."

"आणि लाडू?"

"खाल्ला की! करवंदं दिल्यावर लगेच खाल्ला."

त्यातली निम्मी करवंदं आंबट होती. मी सगळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी लाडू जरा मोठा वळला, तर आतून आवाज आला, "नेहमीएवढाच वळा. करवंदांची किंमत लावू नका." गुडघे संपावर असले तरी हिचे कान कामावर असतात.

त्या साखरेच्या निर्णयाकडेही मी आता जरा वेगळं बघतो. सरकारनं हात आखडावा असं मी म्हणत नाही. मुलाची साखर ही काही राज्य बुडवणारी चैन नव्हे. पण गावानं द्यायचीच असेल तर कशी द्यावी, हा प्रश्न उरतोच. हल्ली तिथिभोजन निघालंय. कुणाच्या वाढदिवसाला, कुणाच्या स्मरणार्थ शाळेला गोडाचं जेवण. चांगली गोष्ट आहे. फक्त फळ्यावर दात्याचं नाव लिहिलं, टाळ्या झाल्या, फोटो निघाला, की पंगतीतल्या पोरांच्या ताटात खिरीबरोबर ते ओझंही वाढलं जातं. त्यापेक्षा मला शाळांच्या परसबागा आवडतात. पोरं कोथिंबिरीला पाणी घालतात, मेथी खुडतात आणि ती दुपारच्या पातेल्यात पडते. स्वतः घातलेल्या पाण्याची कोथिंबीर ज्या खिचडीत आहे, ती खिचडी कुणी दिलेली राहत नाही. गोडाचीही अशीच काहीतरी सोय निघाली पाहिजे. चिंच, बोरं, करवंदं. ज्याच्या वाटेत जे असेल ते.

आपल्या बायकांनी हे केव्हाच सोडवलंय म्हणा. शेजारचं भांडं रिकामं परत करू नये, हा आपल्याकडचा नियम. आमटीचं पातेलं आलं तर जाताना त्यात दोन लिंबं जातात. काहीच नसेल तर चिमूटभर साखर. ती साखर खाण्यासाठी नसतेच. 'आपण दोघी बरोबरीच्या' एवढं सांगण्यासाठी असते.

या नियमाचा एक परिणाम मात्र मी रोज पाहतो. आमच्या फडताळात या घडीला शेजाऱ्यांचे सात डबे आहेत. "परत का करत नाहीस?" असं विचारलं की ही म्हणते, "रिकामे कसे देऊ? काहीतरी करते आणि मग देते." ती काहीतरी करून एक डबा देते, तोवर समोरून दोन येतात. मला आधी ही अव्यवस्था वाटायची. आता वाटतं, सातही डबे एकाच दिवशी परत गेले आणि कुणाचं कुणाकडे काही राहिलं नाही, तर आमची आळी फार नीटनेटकी दिसेल. फक्त मग कुणाला कुणाकडे जायला कारण उरणार नाही.

तेव्हा असू देत. मी आज दाणे भाजायला घेतलेत. दोन लाडवांपुरते.