कुरकुर ऐकण्याचे धैर्य

संस्था बाहेरच्या घावाने क्वचितच मोडते. आतल्या आत माणसे एकमेकांपासून दुरावत जातात आणि ज्याच्या हाती कारभार असतो, त्यालाच ते सर्वांत शेवटी उमगते.

काही वर्षांपूर्वी भोकर परिसरातील धर्मग्रामाची वार्षिक सभा मी जानेवारीत बोलावली. सर्व ठराव एकमताने संमत झाले आणि मला मोठे समाधान वाटले. पुढे उन्हाळ्यात एका वृद्ध मातेने विचारले, "फादर, आमचे लेकरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातेत. तुमची सभा कोणासाठी होती?" मी निरुत्तर झालो. ज्यांचे मत वेगळे पडले असते, ते त्या दिवशी उसाच्या फडात होते. माझे एकमत त्यांच्या गैरहजेरीवर उभे होते.

यरुशलेमच्या पहिल्या ख्रिस्तसभेतही असेच घडले. रोजच्या अन्नवाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक भाषिकांची कुरकुर होती. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात हा प्रसंग आहे. बारा प्रेषितांनी आपल्या शुद्ध हेतूचा खुलासा केला नाही की कुरकुरणाऱ्यांना फुटीर ठरवले नाही. त्यांनी सर्व शिष्यांना एकत्र बोलावले, सात माणसे निवडण्याचे काम त्यांच्यावरच सोपवले आणि निवडलेल्यांवर हात ठेवून प्रार्थना केली. स्तेफन, फिलिप यांच्यासह सातही नावे ग्रीक आहेत! ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप गेले. आपण मात्र तक्रारदाराला सहानुभूती देतो आणि किल्ल्या स्वतःपाशी ठेवतो.

भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले. जातिभेद ख्रिस्तसभेच्या आतही आहे, अशी कबुली त्यात आहे. मराठवाड्यातील कुटुंबांना तिचे मोल सांगायला नको. परंतु कबुली ही पहिली पायरी आहे. दुसरी पायरी अधिकारात वाटा देण्याची. १९८३ च्या धर्मविधिसंहितेने प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती आवश्यक केली आहे. त्या समितीत कोण बसते, हा प्रश्न आपण स्वतःला विचारतो का?

प्रत्येक कुरकुर न्याय्य असते, असे नव्हे. पण न्याय करण्याआधी ती ऐकावी लागते.

आता आमची सभा वैशाखात, माणसे परतल्यावर भरते. हिशेबाची वही ऊसतोड कुटुंबातील एका भगिनीकडे असते. गेल्या सभेत बराच वेळ वाद झाला आणि एकमत काही झाले नाही. पण वाद घालायला सगळे हजर होते.