अंगठा राजीखुशीचा

ऊसतोडीला आलेल्या माणसांचा विषय निघाला की आपल्याकडचा शिकलेला माणूस ठरलेलं वाक्य फेकतो. त्यांना काय कुणी बांधून आणलंय? राजीखुशीनं उचल घेतली, स्टँपवर अंगठा दिला, मग आता रडगाणं कशाला? या 'राजीखुशी' शब्दाचा मला पंचनामा करायचाय.

दसऱ्याच्या आधी मुकादम उचल वाटतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणूस नावातनंच गेला, हत्यार तेवढं उरलं. बीडचे, जतचे, आटपाडीचे, विजापूरकडचे कोयते कृष्णा-वारणेच्या काठाला उतरतात, फडाजवळ कोप्या घालतात. पहाटे तोड, मग मोळ्या, मग गाडी येईल तेव्हा भरणी, रात्रीचे दोन का वाजेनात. आजारी पडलं की खाडा. खाड्याला दंड. हिशोब मुकादमाच्या वहीत. पट्टा पडतो तेव्हा कितीकांच्या नावावर उचल शिल्लकच असते आणि ती पुढच्या सालावर चढते.

माझा मावसभाऊ जतकडचा. कराडच्या बाजूला फडात होता. पोरगं तापानं फणफणलेलं, तरी गडी कोपी सोडून निघंना. मी म्हणालो, "अरं, १९७६ चा वेठबिगारीचा कायदा हाय. माणसाला असं अडकवून ठेवणारं कर्ज कायद्यानं कधीच मेलंय." तो म्हणाला, "कर्ज मेलं असंल. पैसं तर मी मोजून घेतल्यात. मुकादम भावकीतला. त्याला तोंड कसं दाखवू?"

याला अडाणीपणा म्हणायला माझी जीभ धजत नाही. हा सचोटीचा माणूस आहे. घेतलेलं फेडावं, दिला शब्द पाळावा, एवढीच इस्टेट बापानं त्याला दिली. आणि नेमकी तीच मुकादमाच्या उपयोगी पडते. साखळदंड लागत नाही, पहारेकरी लागत नाही. देणाऱ्याला नीती नसली तरी धंदा चालतो, घेणाऱ्याला मात्र ती असावी लागते.

आपल्याला हे नवं आहे का? महारवतन म्हणजे दुसरं काय होतं? पिढ्यान्‌पिढ्यांची उचलच ती. जमिनीचा तुकडा नि बलुतं, आणि बदल्यात रात्र नाही दिवस नाही, बोलावलं की हजर. वतन सोडा म्हटलं तर आपलेच म्हातारे अंगावर यायचे. हक्क म्हणायचे त्याला! बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं. ती वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं.

याच साताऱ्याच्या मुलखातली गोष्ट बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलीय. साल १९०१. साताऱ्याहून वडिलांकडं गोरेगावला निघालेली पोरं मसूर स्टेशनावर उतरली. खिशात पैसे होते. पण महारांची पोरं म्हटल्यावर बैलगाडी मिळंना. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं आणि गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवाला बाजूनं चालणार, असं ठरलं. कागदावर मांडला तर हाही राजीखुशीचाच सौदा! कुणी जबरदस्ती केली नाही. फक्त दुसरी वाट ठेवली नाही.

घटनेच्या २३ व्या कलमात माणसांचा व्यापार आणि वेठ शेजारीशेजारी बसवलीत. १९८२ साली एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की भुकेनं, गरजेनं पत्करलेलं काम, किमान वेतनापेक्षा कमी दामावर, हीसुद्धा वेठच. माणसांच्या व्यापाराच्या गुन्ह्यात पीडिताची संमती बघायची नाही, हे २०१३ पासून दंडविधानात आलं. आता ते न्याय संहितेच्या १४३ कलमात आहे. १९७६ च्या कायद्यात तर कर्ज वेठीचं नाही हे सिद्ध करायचं ओझं देणाऱ्याच्या डोक्यावर आहे. म्हणजे कायद्याला राजीखुशीतली मेख कळलीय. ती कळत नाही आपल्या चावडीला.

दुसरी बाजू झाकून ठेवायची नाही. सांगली-साताऱ्याचा ट्रॅक्टरवाला शेतकरी कर्ज काढून मुकादमाला लाखांनी पैसे देतो आणि टोळी येतच नाही. असे बुडालेले पुष्कळ आहेत. त्यानं फसवणाऱ्यावर खुशाल केस करावी. पण वसुलीसाठी बाई नि पोरं कोपीत डांबायची, हा न्याय कुठला? आणि या सगळ्या भांडणात कारखाना कुठंच दिसत नाही बघा. साखर त्याची, टोळी मात्र कुणाचीच नाही.

१९७९ चा स्थलांतरितांचा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यालाच ओळखायचा. विजापूरची टोळी त्याच्या हिशोबात स्थलांतरित, बीडची नाही. भूक काय नाक्यावर पास दाखवून येते?

विधी सेवा कायदा १९८७ चा. त्याच्या १२ व्या कलमानं वेठीच्या नि व्यापाराच्या बळीला फुकट वकील मिळतो, दलित-आदिवासींना मिळतो, बाईला मिळतो. साताऱ्यात, सांगलीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, १५१०० हा फोन आहे. पण ते कोर्टाच्या आवारात आणि कोयता फडात. अर्ज द्यायला जायचं म्हणजे खाडा. म्हणून वकिलानं फडावर यावं, रात्री, भरणी नसेल तेव्हा, आणि मुकादमाची वही सगळ्यांसमोर वाचायला लावावी. तेही पट्टा पडायच्या आत. टोळी गावाकडं गेल्यावर तारखेला जतहून कराडला कोण येणार, आणि कुणाच्या पैशानं?